२५५ बाइटांवर तुटलेली नावं : एका नाट्यसंग्रहाचं ड्रुपल ७ वरून १० वर स्थलांतर

फोंडा तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या अग्रशाळेला (भाविकांच्या उतरण्याच्या जागेला) लागून, दोन खोल्यांचं वाचनालय आहे. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि पुस्तकं, मागच्या खोलीत चार लोखंडी कपाटं. त्या कपाटांत आहेत उत्सवी नाटकांची हँडबिलं. गोव्यात जत्रेला, उत्सवाला गावकऱ्यांनीच मराठी नाटक बसवायची चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. घरात, शेतात, बाजारात कोकणी बोलणारा माणूस रंगमंचावर चढला की मराठी संवाद म्हणतो. हँडबिलाची रचनाही ठरलेली : वर देवाचं नाव, मग नाटकाचं, मग पात्रपरिचय, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात साथसंगत, रंगभूषा, प्रकाश, पडदे.

१९५० च्या दशकापासूनची ही हँडबिलं या वाचनालयाने जमवली, आणि २०१२ साली गावातल्याच एका कॉलेजच्या पोराने त्यांच्यासाठी ड्रुपल ७ वर, म्हणजे संकेतस्थळं बांधायच्या एका मोफत सॉफ्टवेअरवर, संकेतस्थळ उभं करून दिलं. प्रत्येक प्रयोगाचं एक पान. गाव, देऊळ, तिथी, वर्ष, पात्रयादी, साथसंगत, हँडबिलाचा फोटो. माझ्याकडे हे काम आलं २०२४ च्या जूनमध्ये, तेव्हा अशी १,१२८ पानं होती. मी तीन आठवडे लागतील असं सांगितलं होतं. लागले आठ महिने. ते का लागले हे सविस्तर लिहून ठेवतोय, कारण अशीच जुनी, मराठी मजकुराची, कुणा एका स्वयंसेवकाने उभी केलेली संकेतस्थळं गोव्यात आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत.

निकड कुठून आली

होस्टिंगवाल्यांची मेल आली : सप्टेंबरअखेर पीएचपी ५.६ (ड्रुपल ज्या संगणकी भाषेत लिहिलंय तिची आवृत्ती) बंद होणार. खरं तर पीएचपी ५.६ चा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०१८ लाच संपला होता. ड्रुपल ७ स्वतः त्यापुढच्या पीएचपीवर चालतं. अडत होतं ते दुसरीकडे. त्या पोराने स्वतः लिहिलेलं एक छोटं मॉड्यूल, म्हणजे ड्रुपलला जोडायचा तुकडा, होतं आणि त्यात शब्द शोधून बदलण्यासाठी पीएचपीची एक जुनी सोय वापरली होती, जी ७.० मध्ये काढून टाकली गेली. पीएचपीची आवृत्ती वर नेली की संकेतस्थळ कोलमडायचं. त्यामुळे कुणी हात लावला नव्हता.

दुसरी मुदत ड्रुपलची. ड्रुपल ७ आलं ५ जानेवारी २०११ ला. त्याचा शेवट आधी नोव्हेंबर २०२१ ला ठरला होता, तो २०२२ वर गेला, मग २०२३ वर, आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ हा दिवस पक्का झाला. मुदत वाढवली ते बरंच झालं, असंख्य लहान संस्थांना त्यामुळे श्वास घेता आला. पण दर वाढीनंतर वाचनालयाच्या समितीत विषय पुढे ढकलला गेला, हेही खरं.

ज्यांना ड्रुपलची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ७ पर्यंत नवी आवृत्ती म्हणजे जुन्याच डेटाबेसवर अद्ययावत करण्याची आज्ञा चालवायची, मॉड्यूलं बदलायची, दोन रात्री जागायचं. १९ नोव्हेंबर २०१५ ला ८ आलं तेव्हा आतला सांगाडाच बदलला. पाया सिम्फनी या पीएचपीच्या तयार चौकटीचा झाला, पानांचे साचे ट्विग या साच्यांच्या भाषेत गेले, मांडणीची माहिती फायलींमध्ये आली. जुना डेटाबेस जागच्या जागी वर चढवायची वाट बंद झाली. नवं रिकामं संकेतस्थळ उभं करायचं आणि जुन्यातला मजकूर उचलून त्यात आणायचा. सरळ बिऱ्हाड हलवणं. ८ वरून ९, ९ वरून १० हे पुढचे टप्पे सोपे आहेत, आणि तो बदल तांत्रिकदृष्ट्या योग्य होता असं माझं आजही मत आहे. पण त्याची किंमत सगळ्यांत जास्त कुणी मोजली, तर ज्यांच्याकडे पगारी प्रोग्रामर नाही त्यांनी. मोठं सरकारी खातं किंवा विद्यापीठ निविदा काढून हे काम करून घेतं. देवळाशेजारच्या वाचनालयाला निविदा ठाऊक नसते.

पर्याय पाहिले. वर्डप्रेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं तर पात्रयादीसारखी एकात एक बसलेली रचना पुन्हा नव्याने बांधावी लागली असती. बॅकड्रॉप हा ड्रुपल ७ मधूनच वेगळा झालेला प्रकल्प, त्याची पहिली आवृत्ती २०१५ साली आली, त्यात जुनाच डेटाबेस वर चढवता येतो. लहान संस्थेसाठी तो फार चांगला पर्याय आहे आणि असं काम पुन्हा आलं तर मी आधी तिथे प्रयोग करीन. पण समितीला एकदाच काय तो त्रास सोसून मुख्य ड्रुपलवरच राहायचं होतं. काम चालू असतानाच ऑगस्टमध्ये ११ आलं, पण त्याला पीएचपी ८.३ लागत होतं आणि आम्हाला लागणारी सगळी मॉड्यूलं तिथे तयार नव्हती. म्हणून १० वरच थांबलो.

पहिली फेरी

सुरुवातीलाच कळलं की ज्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर) जुनं संकेतस्थळ होतं तिथे नवं बसणं कठीण. ड्रुपल ७ ची झिप फाइल एफटीपीने चढवली की झालं, असं होतं. आता सगळं कंपोझर नावाच्या साधनाने, आज्ञा टाइप करून बसवायचं असतं, आणि तिथे आज्ञा टाइप करायला टर्मिनलच नव्हतं. म्हणून स्थलांतर माझ्या लॅपटॉपवर करायचं आणि शेवटी छोटा स्वतंत्र सर्व्हर घ्यायचा असं ठरलं.

जुलैचा पाऊस होता. पहिल्यांदा आयात चालवली तेव्हा सहाशेव्या पानाच्या आसपास वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी जुनी. परत सुरू केलं तर ड्रुपल म्हणतं, आयात चालू आहे, थांबा. चालू काहीच नव्हतं, मेलेल्या कामाची खूण तेवढी डेटाबेसमध्ये राहिली होती. ड्रश या ड्रुपलच्या आज्ञा चालवायच्या साधनात स्थिती पूर्ववत करायची आज्ञा असते हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली. हे किरकोळ.

दुसऱ्या खेपेला आयात सुरळीत पार पडली. १,१२८ पैकी १,१२८. अपयशी शून्य. मी सरांना फोन केला. सर म्हणजे वाचनालयाचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे सर. ते म्हणाले, "झालं ना? मग उद्या येतो, दाखव."

दुसऱ्या दिवशी अग्रशाळेच्या ओसरीवर बसून आम्ही पानं उघडायला लागलो. शीर्षकं सगळी बिनचूक. पण खालचा मजकूर तीन तऱ्हांचा. ३५३ पानं व्यवस्थित. २१४ पानं कोरी, शीर्षकाखाली काहीच नाही. आणि ५६१ पानांवर मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं, चलनांची चिन्हं आणि चौकोन, रांगेने. सर बराच वेळ पाहत राहिले आणि मग कोकणीत एवढंच म्हणाले, "मागीर कितें?" (मग काय?)

जुन्या संकेतस्थळावर हीच पानं उघडली. सगळी मराठीतच.

कोरी पानं

ड्रुपलमध्ये मजकूर साठवताना जसाच्या तसा साठवला जातो आणि दाखवताना त्यावर गाळण्या चालतात, त्यांना फिल्टर म्हणतात. स्थलांतरात जुन्या फिल्टरला नव्यात जोडीदार सापडला नाही तर ड्रुपल त्याच्या जागी एक रिकामा फिल्टर बसवतं. हा रिकामा फिल्टर मजकूर आहे तसा पुढे पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण कुठली गाळणी हरवली हे माहीत नसताना कच्चा मजकूर दाखवणं धोक्याचं. पण पडद्यावर कुठेही चूक दिसत नाही. फक्त नोंदवहीत एक ओळ पडते, आणि ती पाहायची असते हे आधी माहीत असावं लागतं.

हरवलेला फिल्टर तोच, त्या पोराचा. त्याचं मॉड्यूल उघडून वाचलं तेव्हा उलगडा झाला. २०१२ पूर्वी वाचनालयात बाईंनी (ग्रंथपाल, तेव्हाही त्याच होत्या) जवळजवळ दोनशे हँडबिलं टाइप करून ठेवली होती, जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये. असल्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फाँट तेवढा त्यांना मराठी रूप देतो. पोराने तो मजकूर तसाच डेटाबेसमध्ये भरला आणि दाखवताना युनिकोडमध्ये बदलणारा फिल्टर लिहिला. विशीतल्या मुलाने एकट्याने केलेलं काम म्हणून मला त्याचं कौतुकच वाटतं. पण त्यामुळे बारा वर्षं संकेतस्थळावर दिसत होतं एक आणि साठवलेलं होतं दुसरंच.

मी तो मजकूर कायमचा युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. इथे मराठी लिपीच आडवी येते. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवायची असते. रफार उलट : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. फिल्टरने साधी अक्षरं बरोबर हलवली होती, पण जोडाक्षर किंवा मात्रा मध्ये आली की तो चुकायचा. "स्त्रीपार्टी" हा शब्द आमच्या संग्रहात शेकडो वेळा येतो, कारण कितीतरी वर्षं बायकांची कामं पुरुषच करत. त्याचं "स्त्रीपाटीर्" झालेलं. "स्थिती"चं "स्िथती". जुन्या संकेतस्थळावरही हे असंच होतं. बाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं काँप्युटरवर मराठी असंच दिसतं."

रूपांतर पुन्हा लिहिलं. वेलांटी आख्ख्या जोडाक्षराच्या पुढे न्यायची, रफार मात्रा ओलांडून मूळ अक्षराच्या मागे न्यायचा. मग तीन प्रश्न विचारणारी तपासणी लावली : मात्रेने सुरू होणारा शब्द आहे का? पायमोडक्या अक्षराला लगेच मात्रा लागली आहे का? शब्द "र्" वर संपतो का? या तिन्हींपैकी काहीही सापडलं तर ते पान लाल. त्यानंतर बाईंनी २१४ च्या २१४ पानं मूळ हँडबिल हातात धरून वाचली. दुपारी अडीच ते पाच, चवथीच्या सुट्ट्या सोडून, सहा आठवडे. या कामाला यंत्राचा पर्याय नव्हता आणि मी तो सुचवलाही नाही.

याच वाचनात त्यांनी आणखी एक गोष्ट पकडली. "गावकऱ्यांच्या" हा शब्द शोधला तर निम्मीच पानं यायची. त्यातलं अर्धं र दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एक नुक्त्याचं ऱ घेऊन आणि दुसरं साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. सगळीकडे एकच रूप केलं.

कचरा झालेली पानं

५६१ पानांचं कोडं जास्त खोल होतं. चिन्हं पाहून एवढं लगेच कळलं की हा मजकूर दोनदा संकेतबद्ध झालाय. देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटांचं असतं. डेटाबेसशी बोलताना कुणी अक्षरसंच लॅटिन-१ (एका अक्षराला एकच बाइट देणारा रोमन अक्षरांचा जुना संच) आहे असं चुकून सांगितलं की त्या तीन बाइटांना तीन वेगळी रोमन अक्षरं समजून पुन्हा साठवलं जातं. त्यातून ही टोप्यांची रांग निघते. हे कधी झालं असेल, याचाही अंदाज होता. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ च्या सुरक्षेतली ती कुप्रसिद्ध भेग जाहीर झाली. ज्यांनी सात तासांत दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपलं संकेतस्थळ फोडलं गेलंय असंच धरून चालावं, असं ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर सांगितलं होतं. वाचनालयाचं संकेतस्थळ तेव्हा होस्टने बंद केलं आणि पोराने जुना बॅकअप घेऊन २०१५ च्या सुरुवातीला दुसऱ्या होस्टवर उभं केलं. बॅकअप भरताना अक्षरसंच चुकला. त्याच्या लक्षात आलं, त्याने दुरुस्तीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, चालवली, पानं मराठीत दिसायला लागली. मीही त्याच्या जागी असतो तर तिथेच थांबलो असतो.

मग जुन्या संकेतस्थळावर शुद्ध दिसणारा मजकूर नव्यात कचरा होऊन कसा येतो? चार दिवस मी माझ्याच जोडणीचा अक्षरसंच तपासत बसलो. शेवटी स्थलांतराचा कोड उघडला आणि उत्तर एका ओळीत सापडलं. ड्रुपल ७ प्रत्येक फील्डचा (पानावरच्या एकेका रकान्याचा) मजकूर दोन टेबलांत ठेवतं : एकात सध्याचा मजकूर, दुसऱ्यात प्रत्येक फेरफाराची, म्हणजे रिव्हिजनची, प्रत. सध्याचा मजकूर दुसऱ्या टेबलातही असतोच. पान दाखवताना ड्रुपल ७ पहिलं टेबल वाचतं. स्थलांतर मात्र रिव्हिजनचा क्रमांक घेऊन दुसरं टेबल वाचतं. पोराने दुरुस्त केलं होतं पहिलं.

एकदा हे कळल्यावर सगळं जागेवर बसलं. शीर्षकं शाबूत होती, कारण शीर्षक ड्रुपल ७ रिव्हिजनच्याच टेबलातून दाखवतं, ते बिघडलेलं असतं तर त्याला तेव्हाच दिसलं असतं. आणि ३५३ पानं चांगली होती, कारण ती २०१५ नंतर कुणीतरी उघडून पुन्हा सेव्ह केली होती. सेव्ह करताना दोन्ही टेबलांत ताजा मजकूर लिहिला जातो. कोऱ्या पानांमध्येही फाँटच्या मजकुरातली काही चिन्हं अशीच बिघडलेली निघाली, ती या दुरुस्तीतच आली.

इथे एक सावधगिरी सांगतो. सगळ्या टेबलावर उलटी क्वेरी चालवायचा मोह होतो. पण ज्या ओळी आधीच चांगल्या आहेत त्यांच्यावर ती चालली की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत आणता येत नाहीत. मी डेटाबेसच्या प्रतीवर काम केलं, आणि क्वेरी न चालवता पहिल्या टेबलातला चांगला मजकूर चालू रिव्हिजनच्या ओळीत उचलून ठेवला. जुन्या रिव्हिजन नव्यात आणायच्या नाहीत असं मी सुचवलं. सरांना ते पटलं नाही. म्हणाले, "अरे, कुणी काय दुरुस्त केलं तीही नोंदच ना?" बरोबर होतं. मग जुना डेटाबेस आहे तसा दोन वेगळ्या डिस्कवर ठेवला, एक वाचनालयात, एक सरांच्या घरी, कोरड्या डब्यात.

पात्रयादीसाठी जुनं फील्ड कलेक्शन मॉड्यूल होतं. ते नव्यात पॅराग्राफ्स या मॉड्यूलमध्ये आणता येतं आणि ते काम अपेक्षेपेक्षा सरळ झालं. याद्यांची पानं, म्हणजे गावानुसार, वर्षानुसार, ड्रुपल आणतच नाही, ती हाताने पुन्हा बांधली. थीम नव्याने लिहिली. या दोन्हींत वेळ गेला, कोडं काही नव्हतं.

तबलजी

ऑक्टोबरच्या शेवटी नवं संकेतस्थळ चाचणीसाठी तयार होतं. मजकूर जुन्याशी ओळीने ओळ ताडून पाहिला होता, फरक शून्य. सर घरी बसून पानं चाळत होते. रात्री साडेनऊला त्यांचा फोन. "१९७४ च्या प्रयोगात तबल्याला माझा थोरला भाऊ होता. त्याचं नाव नाही."

जुन्या संकेतस्थळावर पाहिलं, तिथेही नव्हतं. टाइप करताना राहिलं असेल असं मी म्हणालो. ते म्हणाले, "ते पान मी स्वतः टाइप केलं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही हँडबिल काढलं. पिवळा कागद, घडीवर विरलेला. "साथसंगत व साहाय्य" या ओळीत हार्मोनियम, ऑर्गन, सारंगी, मग तबला, मग रंगभूषा, मग पडदे. आमच्या नोंदीत ही ओळ सारंगीवाल्याच्या आडनावाच्या मध्येच संपत होती. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही.

घरी येऊन त्या फील्डमधल्या सगळ्या नोंदी बाइटांच्या लांबीनुसार लावल्या. लांब्या हळूहळू वाढत जातात, आणि मग २५३ ते २५५ या तीन आकड्यांवर एकदम ८७ नोंदींचा ढीग. त्यापुढे, २०१५ नंतर सेव्ह झालेल्या मोजक्या सोडल्या तर, एकही नाही.

ती ओळ ड्रुपल ७ च्या साध्या मजकूर फील्डमध्ये होती, मर्यादा २५५ अक्षरं. देवनागरीत २५५ चिन्हं म्हणजे मोठी ओळ, सगळी नावं मावत होती. पण २०१५ मध्ये बॅकअप भरताना प्रत्येक बाइट वेगळं अक्षर धरला गेला, त्यामुळे त्याच मर्यादेत साधारण नव्वद चिन्हंच मावली. डेटाबेस कडक वागण्याच्या स्थितीत नव्हता, त्याने बाकीचं न सांगता कापून टाकलं. नंतरची दुरुस्ती उरलेल्या मजकुराला मराठीत आणू शकली, कापलेला परत आणू शकत नव्हती. दहा वर्षं ८७ प्रयोगांच्या नोंदी अर्ध्या ओळीवर थांबल्या होत्या. आणि त्या ओळीत शेवटी कोण असतं? तबलजी, रंगभूषाकार, पेट्रोमॅक्स सांभाळणारा, पडदा ओढणारा. जी माणसं रंगमंचावर दिसत नाहीत आणि ज्यांचं नाव दुसरीकडे कुठेही छापलेलं नसतं, नेमकी तीच गेली होती.

मला त्या रात्री फार वाईट वाटलं. चूक माझी नव्हती, त्या पोराचीही मी म्हणणार नाही. पण मी "फरक शून्य" असं सांगितलं होतं, आणि ते जुन्या बिघाडाशी ताडून सांगितलं होतं. बॅकड्रॉपवर गेलो असतो तर हा बिघाड तसाच पुढे गेला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

शोध सुरू केला. तो पोरगा आता परदेशात नोकरीला आहे. त्याने जुन्या डिस्क चाळल्या, २०१४ चा बॅकअप मिळाला नाही. संकेतस्थळांची जुनी रूपं टिपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये २०१४ च्या आधी टिपलेली आमची काही पानं सापडली. त्यातून २२ नोंदींची पूर्ण ओळ जशीच्या तशी मिळाली. ४१ नोंदी हँडबिलांवरून पुन्हा टाइप केल्या. उरल्या २४. त्यांची हँडबिलं खालच्या बाजूने वाळवीने खाल्लेली किंवा ओलीने चिकटलेली होती, आणि खालच्याच बाजूला ती ओळ असते. सरांच्या भावाचं नाव त्या ४१ मध्ये होतं. ते मी सरांनाच भरायला दिलं.

नवं संकेतस्थळ ५ जानेवारीच्या आत, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. साथसंगतीच्या फील्डची मर्यादा काढून ते लांब मजकुराचं केलं आहे. जुन्या संकेतस्थळाची साध्या पानांची प्रत काढून तीही ठेवली आहे, जेणेकरून उद्या कुणाला ताडून पाहायचं झालं तर पाहता येईल. होस्टने विनंतीवरून तीन महिने वाढवून दिले होते, त्याशिवाय हे जमलं नसतं.

मला ड्रुपल वाईट म्हणायचं नाही. बारा वर्षं फुकटात या संग्रहाला घर त्यानेच दिलं, आणि कोड उघडा होता म्हणून ती एक ओळ मी वाचू शकलो. बंद सॉफ्टवेअर असतं तर मी आजही अक्षरसंच तपासत बसलो असतो. माझी तक्रार वेगळी आहे. स्थलांतराचं यंत्र नोंदी मोजतं आणि आकडे जुळले की यश जाहीर करतं. मार्गदर्शिका गृहीत धरतात की जुनं संकेतस्थळ शाबूत आहे, त्याची देखभाल सलग झाली आहे आणि ते कुणी बांधलं, कसं बांधलं हे माहीत असलेला माणूस शेजारी बसला आहे. लहान संस्थांमध्ये यातलं एकही खरं नसतं. किमान एवढं तरी व्हावं की दोन टेबलांतला चालू मजकूर वेगळा असेल तर यंत्राने आयातीआधी ते सांगावं. आणि रिकामा फिल्टर बसवला तर ती गोष्ट आयातीच्या अहवालातच, किती पानांवर बसवला त्या आकड्यासकट, यावी. मी या दोन्ही गोष्टी सविस्तर लिहून काढल्या आहेत.

उरलेल्या २४ पानांवर ओळ जिथे तुटते तिथे आम्ही "पुढील नावं उपलब्ध नाहीत, माहीत असल्यास वाचनालयात कळवावं" असं लिहिलं. माघातल्या जत्रेच्या दिवसांत त्या पानांची छापील यादी अग्रशाळेच्या भिंतीवर लावली. म्हातारी माणसं दर्शन घेऊन येताना थांबून वाचायची. एक आजी नातवाला घेऊन आल्या, १९६८ च्या प्रयोगापाशी बोट ठेवून म्हणाल्या, पडदे ओढायला माझे यजमान होते आणि शेजारचा एक भाऊ होता, दोघांना मानधन म्हणून एकेक नारळ मिळाला होता. बाईंनी दोन्ही नावं वहीत लिहून घेतली, दुसऱ्या एका गावकऱ्याला विचारून खात्री केली, आणि संध्याकाळी मला फोनवर एकेक अक्षर सांगून भरून घेतली.

फेब्रुवारीअखेर अशा पंधरा नोंदी पुऱ्या झाल्या. नऊ बाकी आहेत. यादी अजून भिंतीवर आहे.